चाचणीत कमी गुण, मैदानात सगळ्यात वेगवान: हालचालीची गुणवत्ता आणि शारीरिक क्षमता यांचं नातं

एका फुटबॉल प्रशिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हंगामाआधी त्यांनी संघातल्या मुलांच्या हालचालींची तपासणी करून घेतली. सात चाचण्या, एकूण 21 गुण. ज्याला सगळ्यात कमी गुण मिळाले तोच संघातला सगळ्यात वेगवान विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणारा खेळाडू, आहे. ज्या बचावपटूला सगळ्यात जास्त गुण मिळाले, त्याचा दम सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांत पार संपलेला असतो. मग हालचालीच्या गुणवत्तेचा शारीरिक क्षमतेशी काही संबंध आहे की नाही? शिवाय त्यांच्या ट्रेनरचा आग्रह आहे की गुण सुधारेपर्यंत कुणाला वजनं द्यायची नाहीत. हे कितपत बरोबर?

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याच्या उत्तरावर मुलांचा हंगाम अवलंबून आहे. वजनं थांबवू नका. कुणाला दुखत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आधी फिजिओला दाखवायचं. पण दुखत नसताना, केवळ स्क्वॉटमध्ये (उठाबशीसारखं खाली बसताना) टाचा उचलल्या जातात किंवा गुडघा जरा आत झुकतो म्हणून ताकदीचं काम बंद ठेवलं, तर हालचाल सुधारण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्गच तुम्ही बंद करता. त्याची कारणं पुढे ओघाने येतील.

आता पहिला प्रश्न. संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. मात्र तुम्ही घेतलेल्या चाचणीत तो दिसायचा नाही. खेळाडूची हालचाल कशी होते हे दोन गोष्टींवर ठरतं: त्या क्षणी त्याच्या शरीराकडून काय मागितलं जातंय, आणि ते पुरवायला त्याच्याकडे किती क्षमता शिल्लक आहे. मागणी कमी असली की बहुतेकांची हालचाल बरी दिसते. मागणी क्षमतेच्या जवळ गेली की ती बिघडायला लागते. म्हणून मी वर्षानुवर्षं खेळाडूंच्या स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगचं काम करताना ‘याची हालचाल चांगली, त्याची वाईट’ असं लिहून ठेवणं सोडून दिलंय. किती भार, किती वेग आणि किती थकवा असताना चांगली, हे लिहिल्याशिवाय त्या शेऱ्याचा उपयोग होत नाही.

सात चाचण्या आणि 21 गुण म्हणजे तुमची तपासणी ‘फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन’ असणार. ग्रे कुक आणि ली बर्टन यांनी 1990च्या दशकात ती मांडली. काठी डोक्यावर धरून खोल स्क्वॉट, अडथळ्यावरून पाऊल टाकणं, एका रेषेत लंज (एक पाय पुढे टाकून खाली बसणं), खांद्यांची मोकळीक, पाठीवर झोपून सरळ पाय उचलणं, पुश-अप आणि हात-गुडघ्यांवर राहून धडाचा तोल सांभाळणं. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, आणि दुखलं की सरळ शून्य. ही शून्याची अट मला या चाचणीतली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. दुखतंय हे खेळाडू आपण होऊन क्वचितच सांगतात, इथे ते विचारावंच लागतं.

या चाचणीचा बोलबाला झाला तो 2007 मधल्या एका अभ्यासामुळे. अमेरिकन फुटबॉलच्या 46 व्यावसायिक खेळाडूंमध्ये 14 किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांना गंभीर दुखापती जास्त झाल्या होत्या. तेव्हापासून ‘14’ हा आकडा जणू नियम झाला. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा दुखापतीचं भाकीत करायला ही बेरीज पुरेशी पडत नाही असंच दिसलं. सात चाचण्या एकच गुणधर्म मोजत नाहीत, हेही गुणांच्या विश्लेषणातून पुढे आलं. खांद्याची मोकळीक आणि लंजमधला तोल यांची बेरीज करून जो आकडा येतो, त्याला एक अर्थ लावणं अवघडच.

क्षमतेच्या बाजूने पाहिलं तर 2011 मध्ये महाविद्यालयीन गोल्फपटूंवर झालेला एक अभ्यास बोलका आहे. एका वेळी जास्तीत जास्त किती वजनाचा स्क्वॉट मारता येतो, याचा धावण्याचा वेग, जागेवरून मारलेली उंच उडी, चपळाई आणि गोल्फच्या काठीचा वेग या सगळ्यांशी स्पष्ट संबंध निघाला. हालचालींच्या गुणांचा यातल्या कशाशीही निघाला नाही. तुमचा विंगर त्याच अभ्यासातला वाटावा असा आहे.

आणखी एक अभ्यास मी प्रत्येक नव्या ट्रेनरला आवर्जून सांगते. अग्निशमन दलातल्या जवानांची हीच तपासणी घेतली, मग कोणत्या गोष्टीला गुण मिळतात ते त्यांना सांगितलं आणि लगेच पुन्हा तपासणी घेतली. सरासरी दोनाहून जास्त गुण वाढले. मध्ये ना व्यायाम झाला, ना स्ट्रेचिंग. सांधे तेच, स्नायू तेच, फक्त काय अपेक्षित आहे ते कळलं. म्हणजे पहिल्या फेरीत जी ‘वाईट हालचाल’ दिसली तिचा बराचसा भाग शरीराची मर्यादा नव्हताच. ती त्यांनी सहज केलेली निवड होती. तुमच्या मुलांपैकी कितीजणांच्या बाबतीत हेच झालं असेल, याचा विचार करा.

मागणीच कमी असेल तर संबंध का दिसत नाही, ते आकड्यांतून लगेच कळतं. तुमचा विंगर पूर्ण वेगात असतो तेव्हा त्याचा पाय जमिनीवर सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टेकतो. स्नायूंना पूर्ण ताकद उभी करायला साधारण 0.3 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे त्याचा वेग ठरतो तो थोडक्या वेळात किती जोर जमिनीत घालता येतो आणि घोटा किती ताठ राहतो यावर. आता काठी डोक्यावर धरून सावकाश खाली बसण्यात यातलं काय तपासलं गेलं? काहीच नाही. तिथे घोट्याची, खुब्याची आणि छातीच्या मणक्यांची मोकळीक पाहिली गेली. उलट बऱ्याच चांगल्या धावपटूंचे घोटे जरा आखडलेलेच असतात आणि त्यांना त्याचा फायदाच होतो. खोल स्क्वॉटमध्ये मात्र त्याच घोट्यांमुळे टाचा उचलल्या जातात आणि गुण जातात.

एकाच संघातल्या मुलांमध्ये संबंध शोधण्यात आणखी एक अडचण असते. निवड होऊन आलेली मुलं एकमेकांच्या जवळपासच असतात. सगळे 13 ते 17 गुणांच्या पट्ट्यात असतील, तर एक-दोन गुणांच्या फरकावरून वेग किंवा दम यांचा अंदाज बांधणं शक्य नाही. लहान वयोगटात चित्र जरा वेगळं दिसतं. वाढत्या वयाच्या फुटबॉलपटूंमध्ये याच गुणांचा उडीशी आणि चपळाईशी बऱ्यापैकी संबंध आढळला आहे. पण तिथे वयात येणं, ताकद आणि शरीरावरचा ताबा हे सगळं हातात हात घालून वाढत असतं, त्यामुळे एकामुळे दुसरं झालं असं म्हणता येत नाही.

हे सगळं वाचून तपासणी टाकून द्यावी असं वाटेल. टाकू नका. तिच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका, प्रश्न मात्र तिच्याकडून जरूर घ्या. एक उदाहरण जवळून पाहू.

एखादा खेळाडू स्क्वॉटला बसतो. मांड्या जमिनीला समांतर यायच्या आतच टाचा उचलल्या जातात, धड पुढे कलतं, गुडघे आत येतात. पाहणारा लगेच म्हणतो, घोटे आखडलेत. तेव्हा मी 5 किलोची प्लेट त्याच्या हातात देते, हात सरळ पुढे धरायला सांगते आणि पुन्हा बसवते. बरेचजण लगेच खोल बसतात, टाचा जमिनीला चिकटलेल्या आणि पाठ ताठ. घोटे तेच, सांध्यांची मोकळीक तीच, दहा सेकंदांपूर्वी होती तेवढीच. पुढे धरलेल्या वजनाने तोल सांभाळला गेला, म्हणून मागे बसायची भीती गेली आणि पोटाचे स्नायूही आपोआप कामाला लागले. या खेळाडूला घोट्याच्या स्ट्रेचिंगवर तीन आठवडे घालवायची गरज नाही. त्याला वजन छातीशी धरून स्क्वॉट द्यायचा आणि हळूहळू वजन वाढवत न्यायचं.

प्लेट देऊनही फरक पडला नाही, तर टाचांखाली पातळ फळी ठेवून बघायचं. तेव्हा सुधारला, तर घोट्यावर संशय घ्यायला जागा आहे. मग भिंतीशी चाचणी घ्यायची: पायाचा अंगठा भिंतीपासून लांब नेत जायचं आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का ते पाहायचं. साधारण 10 सेंटिमीटरपर्यंत टेकला तर बहुतेक खेळांना पुरतं. दोन्ही पायांत मोठा फरक असेल तर जुनी मुरगळ आठवते का ते विचारा. बहुतेक वेळा आठवते.

आणि फळी ठेवूनही गुडघे आतच येत असतील, तर एका पायावरचा स्क्वॉट पाहायचा, खुब्याच्या बाजूच्या स्नायूंची ताकद पाहायची. म्हणजे एकच चूक दिसते, पण तिच्यामागे तोल, मोकळीक, ताकद किंवा निव्वळ सवय यांपैकी काहीही असू शकतं. गुणपत्रिकेत या चौघांनाही तोच ‘1’ मिळतो. कारण शोधायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि पुढचे दोन महिने काय करायचं हे त्यावर ठरतं.

इथे क्षमता हालचालीला कशी घडवते ते बघा. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो. एका पायावर उडी घेऊन उतरताना, अचानक थांबून दिशा बदलताना तो आणखी वाढतो. ज्याच्या पायात हा जोर पेलायची ताकद भरपूर शिल्लक आहे, त्याच्यासाठी हे उतरणं निम्म्या ताकदीचं काम असतं. त्याला गुडघा कुठे ठेवायचा याची मुभा असते. ज्याची ताकद जेमतेम पुरते, त्याचं शरीर कसंही करून तो जोर रिचवतं: गुडघा आत टाकून, धड बाजूला झुकवून, पाय ताठ ठेवून. त्याला ‘गुडघा सरळ ठेव’ असं कितीही ओरडून सांगितलं तरी तो काय करणार? सरळ ठेवायला लागणारी ताकदच त्याच्याकडे नाही.

पण म्हणून नुसती ताकद वाढवली की हालचाल आपोआप सुधारेल, असंही नाही. हौशी महिला खेळाडूंना काही आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला आणि मग त्यांची धावत येऊन थांबून मारलेली उडी तपासली, असा एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. ताकद वाढली होती, पण उतरताना गुडघ्याची आणि खुब्याची हालचाल जवळपास तशीच राहिली. उतरायचं कसं हे वेगळं शिकवावंच लागतं, व्हिडिओ दाखवून आणि सांगून. ताकद वाढली की हालचाल बदलायला जागा तयार होते. त्या जागेचा वापर करायचं काम सरावात, चेंडूसह, वेगात व्हावं लागतं. दोन्ही एकाच आठवड्यात चालू ठेवा. एक संपल्यावर दुसरं, असा क्रम लावायची गरज नाही.

मोकळीक आणि ताकद यांच्यातही असाच खोटा क्रम लावला जातो. आधी महिनाभर स्ट्रेचिंग, मग वजनं. सांध्याच्या पूर्ण पल्ल्यात केलेला ताकदीचा व्यायाम लवचीकता जवळपास स्ट्रेचिंगइतकीच वाढवतो, हे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. खोल लंज, पूर्ण पल्ल्याचा रोमेनियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, खुब्यातून पुढे झुकत वजन खाली नेऊन वर आणणं), टाचा पायरीखाली नेऊन केलेला पोटऱ्यांचा व्यायाम, यांत दोन्ही कामं होतात. तुमच्या ट्रेनरच्या आग्रहावर माझं हेच उत्तर आहे. वजन इतकंच ठेवा की खेळाडूला पूर्ण पल्ल्यात जाता येईल आणि शेवटच्या आवर्तनापर्यंत हालचाल ओळखीची राहील. ते 10 किलो असेल तर 10. पण सुरुवात आजच करा.

एक खबरदारी मात्र हवी. ‘चांगली हालचाल’ म्हणताना आपण नकळत ‘दिसायला सुंदर हालचाल’ असा अर्थ घेतो. चेकोस्लोव्हाकियाचा लांब पल्ल्याचा धावपटू एमिल झाटोपेक धावताना त्याची मान एका बाजूला कलायची, चेहरा वेदनेने पिळवटल्यासारखा दिसायचा, खांदे हलत राहायचे. 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने 5,000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णपदकं जिंकली, आणि मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. त्याच्या वरच्या धडाकडे पाहून गुण दिले असते तर फारच कमी मिळाले असते. त्याचे पाय मात्र आपलं काम चोख करत होते.

यामागचं तत्त्व रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी 1920च्या दशकातच दाखवून दिलं होतं. मॉस्कोतल्या श्रम संस्थेत त्यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचालींचं चित्रण केलं. हातोड्याचं टोक दर वेळी जवळपास त्याच जागी येत होतं, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग दर घावाला थोडे वेगळे होते. एका सांध्यात झालेला फरक दुसरा सांधा भरून काढत होता. कसब म्हणजे दर वेळी तीच हालचाल, हा समज तिथेच मोडला. म्हणून माझ्या खेळाडूने दहा उड्यांमध्ये दहा वेळा हुबेहूब सारखं उतरावं अशी माझी अपेक्षा नसते. चेंडू वाकडा आला, समोरच्याने धक्का दिला, मैदान ओलं असलं तरी त्याचं काम साधलं जावं आणि गुडघा धोक्याच्या कोनात जाऊ नये, एवढं मी पाहते. ज्याच्याकडे एका प्रसंगाला तीन उत्तरं आहेत त्याची हालचाल माझ्या लेखी दर्जेदार.

गुणवत्तेचा थेट क्षमतेवर किती परिणाम होतो, हे खेळागणिक बदलतं. सायकलिंगमध्ये पेडलचा मार्ग ठरलेला आहे, पायाने वेगळं काही करायला वावच कमी. तिथे हृदय, फुप्फुसं आणि पायांची ताकद बहुतेक हिशोब चुकता करतात. पोहण्यात नेमकं उलटं. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती साधारण घनाच्या प्रमाणात. डोकं जरा वर उचललं, कंबर जरा खाली गेली, तर कमावलेला दम पाणी ढकलण्यातच जातो. व्यायामशाळेत जास्त वजन उचलणारा जलतरणपटू कमी ताकदीच्या पण पाण्यात सरळ राहणाऱ्या जलतरणपटूकडून सहज हरतो. फुटबॉल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो.

लांब पल्ल्याच्या धावण्यातलं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ हिची शास्त्रीय तपासणी 1992 पासून नियमित होत होती. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं याचा तिचा आकडा त्या दशकभरात फारसा हलला नाही, तो आधीपासूनच उच्च होता. पण एका ठरावीक वेगाने धावायला लागणारा प्राणवायू जवळपास 15 टक्क्यांनी कमी झाला. 2003 मध्ये लंडनला तिने 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. इंजिन तेवढंच राहिलं, खर्च कमी झाला. याच काळात तिची पुढे वाकण्याची लवचीकता घटली होती आणि जागेवरून मारलेली उंच उडी वाढली होती. म्हणजे पाय जास्त ताठ, जास्त स्प्रिंगसारखे झाले होते. लवचीकतेला गुण देणाऱ्या चाचणीत ती वर्षागणिक खाली गेली असती, आणि धावण्याची गुणवत्ता मात्र वर्षागणिक वाढत होती.

आता दुखापतींबद्दल, कारण तुमच्या मनात ती काळजी आहेच. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटतो तेव्हा, व्हिडिओंच्या विश्लेषणानुसार, पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण 40 मिलिसेकंदांत सगळं घडून जातं. एवढ्या वेळात खेळाडूला विचार करून गुडघा सावरता येत नाही. पाय टेकायच्या आधीच स्नायू तयार असावे लागतात, आणि ही तयारी सरावातूनच अंगवळणी पडते. कोणाला दुखापत होईल हे एका चाचणीवरून ओळखता येत नाही, पण सगळ्यांना सराव दिला तर दुखापती कमी होतात, हे मात्र ठाम सांगता येतं. फिफाच्या ‘11+’ या वीस मिनिटांच्या वॉर्म-अपचा नॉर्वेतल्या 13 ते 17 वयाच्या जवळपास 1,900 मुलींवर अभ्यास झाला आणि तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण दुखापती साधारण एक-तृतीयांशाने कमी झाल्या. या वॉर्म-अपमध्ये धावणं आहे, तोल आहे, उड्या आहेत आणि ताकदही आहे. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी त्यात नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर बसून, घोटे कुणीतरी धरलेले असताना धड सावकाश पुढे झुकवणं) आहे, तो एकटासुद्धा नियमित केला तर त्या स्नायूंच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आणतो. म्हणून संघातल्या कमी गुणांच्या मुलांना वेगळं काढून ‘सुधारणा वर्ग’ लावण्यापेक्षा पूर्ण संघाला हा वॉर्म-अप आठवड्यातून दोन-तीनदा, न चुकवता द्या. चुकवला की फायदाही कमी होतो.

शिकवताना शब्द कोणते वापरता यालाही महत्त्व आहे. ‘गुडघा सरळ ठेव, खुबा मागे घे’ असं शरीराच्या भागांबद्दल सांगण्यापेक्षा बाहेरच्या परिणामाबद्दल सांगितलं तर खेळाडू लवकर शिकतो, यावर पुष्कळ संशोधन झालेलं आहे. स्क्वॉटमध्ये मी ‘पायांनी जमीन दोन्ही बाजूंना ताण’ असं सांगते. उडीनंतर फक्त ‘आवाज न करता उतर’ एवढंच. दणका कमी करायचा म्हटलं की गुडघे, खुबा, घोटा आपोआप जास्त वाकतात आणि पायावरचा जोर खरोखरच कमी होतो. एकाच वेळी तीन सूचना देऊ नका. एक द्या आणि दहा उड्या बघा.

तुमच्या संघात वाढीच्या वयातली मुलं असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मुलींमध्ये साधारण 12व्या आणि मुलांमध्ये 14व्या वर्षाच्या आसपास उंची सगळ्यात झपाट्याने वाढते. पाय लांब होतात, पण त्यांना सांभाळणारी ताकद आणि शरीराचा अंदाज काही महिने मागे राहतो. गेल्या हंगामात सफाईदार असलेला मुलगा अचानक गबाळा वाटू लागतो. तो आळशी झालेला नसतो आणि त्याचं कसबही गेलेलं नसतं. त्याची उंची दर महिन्याला मोजा, उड्यांची संख्या थोडी आवरा, ताकदीचं काम चालू ठेवा. त्या काळातल्या गुणांवरून निवड करू नका. हे मी फार कळकळीने सांगते, कारण याच वयात कित्येक मुलं संघातून गळतात.

आता तुमच्या त्या दोन खेळाडूंकडे येऊ. विंगरच्या बाबतीत आधी पाहा की गुण कुठे गेले. खोल स्क्वॉट आणि खांद्यात गेले असतील, तर त्याच्या वेगाला हात लावू नका. त्याला प्लेटची आणि फळीची चाचणी द्या, कारण शोधा आणि ताकदीच्या व्यायामात पल्ला वाढवत न्या. सरळ पाय उचलण्यात एका बाजूला फार कमी गुण असतील तर मात्र मांडीच्या मागच्या स्नायूला आधी कधी इजा झाली होती का ते विचारा. वेगवान खेळाडूंना तीच दुखापत पुन्हा पुन्हा छळते, आणि आधी झालेली दुखापत ही पुढच्या दुखापतीची सगळ्यात भरवशाची खूण आहे. त्याला नॉर्डिक आणि आठवड्यातून दोनदा पूर्ण वेगाची छोटी धाव द्या.

बचावपटूचा प्रश्न हालचालीचा नाहीच, दमाचा आहे. पण तो पुढे हालचालीचा होणार. त्याचे चांगले गुण ताजेतवाने असतानाचे आहेत. सरावाच्या सुरुवातीला त्याची एका पायावरून उतरण्याची तीन-चार आवर्तनं मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये टिपा. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. मग सराव संपल्या संपल्या, तो धापा टाकत असताना, तेच पुन्हा टिपा. काय पाहणार आहात ते त्याला आधी सांगू नका. दोन्ही व्हिडिओंत फरक मोठा असेल, तर त्याला सहनशक्तीचं काम द्या: चार मिनिटांच्या जोरदार धावा, मध्ये तीन मिनिटं हलकं धावणं, चार वेळा, आठवड्यातून दोनदा. आणि पायांच्या ताकदीचं काम त्याच्यासोबत चालू ठेवा. सहा-आठ आठवड्यांनी तोच व्हिडिओ पुन्हा घ्या. दम वाढला असेल तर सरावाच्या शेवटचं उतरणं सुरुवातीच्या उतरण्याजवळ आलेलं दिसायला हवं. गुणपत्रिकेवर त्याचा आकडा कदाचित तोच राहील, त्याची फिकीर करू नका.

बाकीच्या संघासाठीही मी हीच रीत सुचवेन: सावकाश आणि स्वतःच्या वजनावर एकदा, भार घेऊन एकदा, वेगात किंवा थकल्यावर एकदा. तिन्ही ठिकाणी बिघडत असेल तर मोकळीक, जुनी इजा किंवा सवय तपासा. फक्त भाराखाली बिघडत असेल तर ताकद वाढवा. फक्त वेगात बिघडत असेल तर उड्या, दिशा बदलणं आणि थांबणं शिकवा, वेग टप्प्याटप्प्याने वाढवत. फक्त थकल्यावर बिघडत असेल तर दम वाढवा आणि सामन्यात त्याला किती मिनिटं खेळवायचं याचा फेरविचार करा. वर्षातून तीन वेळा हे केलं तरी पुरे. वीस मुलांच्या संघाला दोन सत्रं लागतील, आणि तुमच्या ट्रेनरला हे काम नक्की आवडेल, कारण प्रत्येक मुलासाठी पुढे काय करायचं ते त्याला त्याच दिवशी कळेल.